कानाचं वय आणि हाडाचं वय

परवा न्हाणीत पाय घसरला आणि मनगट सुजलं. नातू दवाखान्यात घेऊन गेला. तिथला एक्स-रे काढणारा पोरगा, नुकती मिसरूड फुटलेला, मान वर न करताच म्हणाला, "आजी, वय?" मी म्हटलं, "कोणतं सांगू? कानाचं की हाडाचं?" त्यानं नातवाकडे पाहिलं. पडताना म्हातारीच्या डोक्यालाही मार बसला असावा, असं त्याला वाटलं असणार. नातवानं हळूच माझं सरकारी वय सांगून टाकलं. ते चूक आहे. त्या चुकीपायी सरकारनं मला पुढे शाळेतल्या नोकरीतून दोन वर्षं आधी घरी बसवलं, आणि निरोपाच्या हारात मी म्हातारी म्हणून बसले, तेव्हा मी म्हातारी झालेही नव्हते. खरं वय मला माझ्या मनगटानंच एकदा सांगितलं होतं. त्या वेळी घरातलं आणखी एक वय उघडं पडलं, ज्याची कोणी कधी चौकशीच केली नव्हती.

आमचं गाव जऊळका स्टेशनापासून गाडीवाटेनं कोसभर आत. घरात घड्याळ नव्हतं, पण रेल्वे होती. सकाळची गाडी शिट्टी देऊन गेली की माय जात्यावरून उठायची, आणि दुपारची गेली की आत्या म्हणायची, "आता जराशा आंग टाका वं." गाडी उशिरा आली तर आमचं घर उशिरा जेवायचं, आणि त्यात कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नसे. धाब्याचं घर, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याखाली बाबांचे बैल. सकाळी आत्या रवी घेऊन ताक करायला बसायची. रवीची घुमघुम ऐकू आली की शेजारची गंगू वाटी घेऊन हजर. ही गंगू तेव्हा एवढीशी होती, पुढचे दात पडलेली, आणि ताक पिऊन झाल्यावर त्या खिडकीतून जीभ बाहेर काढून दाखवायची. जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. नंतर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं, पण त्या चटणीवर कच्च्या तेलाची धार पडताना जो वास यायचा तो मला परत भेटला नाही. सून म्हणते, आई, जवस तेच आहे, नाक म्हातारं झालं. असेल बाई.

बाबांची जमीन बेताची, पण मान मोठा, आणि तो मान बैलांच्या दातांचा होता. मालेगावच्या बाजारात जोडी घ्यायची म्हटलं की आसपासच्या गावांतले लोक आधी आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. बाबा बैलाशी आधी दोन शब्द बोलायचे, मग नाकाजवळ हात फिरवून अलगद खालचा ओठ उघडायचे. दुधाचे दात असलेला गोऱ्हा तो आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. सगळे दात आले की बैल जुळला. जुळल्यावर त्याचं वय कोणी छातीठोक सांगू लागलं तर बाबा हसायचे. म्हणायचे, "जुळल्यावर दात मुका होते बाप्पा. मंग फकत अंदाजपंचे." विकणारा पाहुणा असो की सोयरा, सहा दातीला चार दाती त्यांनी कधी म्हटलं नाही. एकदा एक ओळखीचा माणूस गोऱ्हा दाखवायला घेऊन आला. गोऱ्ह्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा पडलेला. बाबांनी ओठ उघडून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "आदत गोऱ्ह्याले जू देतेत का रे? जन्माचा खांदा बसला त्याचा." तो माणूस पेरणीची घाई, दुसरा बैल आजारी, असं काहीबाही सांगत राहिला. बाबा उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी त्याच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नाही.

घरावर राज्य मात्र आत्याचं. बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणत, ती त्यांना लाडानं दादा, माय अक्काबाई म्हणे, आणि सगळं गाव आत्या. रिठदला दिलेली. कळती झाल्यावर नांदायला गेली, आणि चार-दोन वर्षांत नवरा तापानं गेल्यावर कोऱ्या कपाळानं परत आली. तेव्हा बाबा रांगत होते म्हणे; आत्यानंच त्यांना कडेवर वाढवलं. त्यामुळे बाबा गावाला दरडावत, पण आत्यानं हाक मारली की ताटावरून उठत. रिठदबद्दल ती वाईट कधी बोलली नाही. उलट तिथल्या विहिरीचं पाणी, तिथल्या मळ्यातली वांगी, तिथली सासू, सगळं कसं साखरेसारखं होतं हे आम्ही शंभरदा ऐकलेलं. फक्त त्या गावात तिला परत कोणी बोलावलं नव्हतं. दीर-भासऱ्यांच्या घरी लग्नं झाली, बारशी झाली, पण आमच्या दाराशी कधी अक्षता आल्या नाहीत. हे ती बोलत नसे. रिठदकडून कोणी बाजाराला आलं की मात्र त्याला बोलावून गूळपाणी द्यायची आणि एकेका घराची चौकशी करायची.

आता माझ्या कानाची गोष्ट. त्या काळी जन्मतारीख कोणाकडे असायची? जन्म लक्षात राहायचा तो टोळधाडीवरून, नाहीतर विहिरीला पाणी लागलं त्यावरून. म्हणून शाळेत नाव घालायचं झालं की मास्तर पोराला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, डोक्यावरून हात घे आणि पलीकडचा कान धर. हात कानाला पोचला की सहा वर्षं पूर्ण. नाही पोचला तर पुढच्या साली ये. मी होते लांबोटकी. हातपाय आधी वाढले आणि मी मागाहून आले, असं आत्या म्हणायची, आणि मला हाक मारायची तीच "लांबे" म्हणून. निंदणाच्या दिवसांत मायनं मला शाळेत उभं केलं, मी कान धरला, मास्तरांनी सहा लिहिली. तेव्हापासून मी माझ्या वर्गातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत अडाणी पोरगी होते. पाढे म्हणताना मला झोप यायची. मास्तर म्हणायचे, एवढी घोडी झाली तरी अक्कल नाही. घोडी कसली, मी अजून शिंगरू होते, पण ते मला तरी कुठे माहीत होतं!

अक्कल हळूहळू आली; खालच्या दोन इयत्तांत मी दोन-दोन वर्षं बसले. सातवी पास झाले तेव्हा मी शाळेत पहिली होते, आणि मास्तरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं की हिला वाशीमला घाला. वाशीमला माझा मामा होता. मायच्या डोळ्यांत मी त्या दिवशी जे पाहिलं ते मी तोवर तिच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. माय फार बोलणारी नव्हती. घरात बोलायचं काम आत्या करत असल्यामुळे मायला ते उरतही नसे. पण त्या आठवड्यात तिनं माझी दोन परकर-पोलकी धुऊन, घडी करून वेगळी ठेवली.

आणि त्याच आठवड्यात रिठदहून पाहुणे आले. आत्यानंच निरोप धाडला होता. मुलगा नुकताच सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलेला, घरी बरी शेती, आणि मुलाचे वडील आत्याच्या सासरच्या भावकीतले. आत्यानं त्या दिवशी पुरण घातलं. ते पुरण आठवलं की अजून मला तिचे हात दिसतात, कुटलेली वेलची पुन्हा कुटणारे. कोणत्याही पोरीच्या पाहण्यात आत्या वेलची दोनदा कुटत नाही. आज कळतं, ती माझं लग्न जुळवत नव्हती, ती रिठदचं दार वाजवत होती. मी तिकडे सून म्हणून गेले असते तर आत्याला माझ्यामागे हक्कानं जाता आलं असतं, मुलीची आत्या म्हणून, पाटावर बसून.

मी पोहे घेऊन गेले, नाव सांगितलं, पाय दाखवले. मुलगा खाली मान घालून बसलेला. बिचारा भला होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. पाहुण्यांना मी पसंत पडले. उंच सून सगळ्यांना हवी असते, वरच्या फळीवरचं काढायला. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरायचं ठरलं. खोटं कशाला बोलू, मला हिरव्या लुगड्याची हौस होती. आणि वाशीमची शाळाही हवी होती. त्या वयात माणसाला दोन्ही हवं असतं आणि दोन्ही मिळेल असं वाटतं. मी स्वयंपाकघरात जाऊन मायला हळूच विचारलं, "मंग वाशीमले कवा जाचं?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चुलीत उगाच एक काडी सारली. तेव्हा मला कळलं. मी मागच्या खोलीत कपाशीच्या ढिगात तोंड खुपसून रडले, आणि नाकात कापूस गेल्यामुळे शिंकत बाहेर आले.

बाहेर मुलाचे वडील विचारत होते, "पोरीचं वय काय म्हनता?" मुलगी पंधरा पूर्ण हवी असा तेव्हा कायदा होता. खेड्यात त्याला कोणी जुमानत नसे, पण मुलगा सरकारी नोकर. कोणी अर्ज केला असता तर नोकरीवर आलं असतं. आत्या म्हणाली, "पंधरा सरले. शाळेचा दाखला हाये." पाहुणे निश्चिंत झाले, पानाला चुना लावू लागले. आणि तेवढ्यात माय दारात येऊन उभी राहिली. पाहुण्यांपुढे ती कधी येत नसे. पदर तोंडावर घेऊनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"तिले तेरावं आताच सरलं. शाळेत घातली तवा तिचा हात कानाले पुरत नोहता. मीच सांगतलं होतं, मान जराशी वाकव मनून."

ओसरीवरच्या माना दाराकडे वळल्या. आत्या म्हणाली, "कायले वं? काहून सांगतलं असं?"

"निंदाले जाचं होतं, अक्काबाई. हे लेकरू मांगं मांगं ये. बांधा-धुऱ्यावर साप-किरडं. शाळेत बसन तं सावलीत बसन, मनलं."

आत्याचा पारा चढला. जन्म कोणाच्या हातावर झाला, कोणत्या साली झाला, यावर दोघींची जुंपली. आत्या म्हणे विहिरीला पाणी लागलं त्या साली, माय म्हणे ते पहिलं पाणी, ते आटलं, मग दुसऱ्यांदा खणली त्या साली. बाबांना विचारलं तर ते कडुनिंबाकडे पाहत राहिले. मुलाचे वडील पान तसंच हातात धरून म्हणाले, "भाऊ, तुमी साऱ्या मुलकाच्या बैलाचं वय सांगता, अन् घरच्या पोरीचं सांगता येऊन नाही राह्यलं?" ते गमतीनं म्हणाले, पण बाबांना ते लागलं. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "खोटं वय सांगून म्या बैल नाही इकला. पोरगी कशी देईन? अकोल्याले मोठ्या दवाखान्यात हाडाचा फोटो काढतेत. त्यात वय समजते मनतेत. पंधरा निघाले तं आखाजीले लगन. नाही निघाले तं नाही." पाहुण्यांनाही ते पटलं. मात्र दोन वर्षं थांबायला घरची म्हातारी तयार नाही, तसं झालं तर मग दुसरीकडे पाहू, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोड बोलून, पण स्पष्ट. म्हणजे आखाजी की वाशीम, ते आता माझ्या हाडांवर आलं.

अकोल्याला आम्ही तिघं गेलो, बाबा, मी आणि आत्या. आत्याला कोणी चला म्हटलं नव्हतं. ती गुळाच्या दशम्या आणि ठेचा बांधून पहाटेच गाडीत, म्हणजे बैलगाडीत, जाऊन बसली होती. जऊळक्यापासून रेल्वेत तिनं एकच विषय लावला. त्या मशीनचा उजेड अंगातून आरपार जातो, रक्त सुकतं, पोरीचा हात वाळून काडी होतो. मला भीती वाटू लागली. मी हात पदरात, म्हणजे ओढणीत, लपवून बसले. बाबा म्हणाले, "अक्का, तू तं तिले आताच वाळवून राह्यली." समोरच्या बाकावरची बाई हसली, मग आत्यानं तिलाही दशमी दिली आणि तिचं माहेर-सासर विचारून घेतलं.

दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत माझा हात एका काळ्या पाटीवर ठेवायला लावला, बोटं फाकवून. वरून भलंमोठं यंत्र खाली आलं. "हलू नको," इतकंच कोणी तरी म्हणालं. आत्या दाराबाहेर मोठ्यानं देवाचं नाव घेत होती. काहीच झालं नाही. दुखलं नाही, चटका नाही, उजेडही दिसला नाही. मी अजून वाट पाहत होते आणि ते म्हणाले, झालं. मग बाहेर बाकावर बसून फोटो वाळायची वाट पाहिली. तेवढ्या वेळात आत्यानं माझा हात सतरा वेळा दाबून पाहिला, गरम आहे का म्हणून.

डॉक्टर तरुण होते, पुणेरी बोलणारे, पण गर्व नसलेले. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि मी माझा हात आतून पाहिला. पांढरी पांढरी हाडं, एकाला एक न चिकटलेली, कोणी खेळ मांडून ठेवावा तशी. टेबलावर एक जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं, त्यात पानोपानी हातच हात. डॉक्टर एकदा पुस्तक पाहायचे, एकदा माझा फोटो. मग त्यांनी बाबांना जवळ बोलावलं. "हे मनगटाचं हाड, आणि हे त्याचं टोक. मध्ये ही काळी रेघ दिसते? ती फट आहे. तिथे अजून कूर्चा आहे, हाड व्हायचं आहे. बोटांतही तसंच. ही फट आहे तोवर वाढ चालू. भरली की संपली. अंगठ्याजवळ हा मसुराएवढा ठिपका आलाय, म्हणजे लहानगीही नाही. तेरा म्हणा. वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं, पण पंधरा पूर्ण असं मी लिहून देणार नाही."

बाबा फोटोकडे इतके जवळून पाहत होते की काचेवर त्यांचा श्वास उमटला. त्यांच्या चेहऱ्यावर एक आनंद होता, मला तो ओळखीचा होता. बाजारात उत्तम गोऱ्हा पाहिल्यावर यायचा तोच. "म्हंजे आमी दात पाह्यतो, तुमी फट पाह्यता," ते म्हणाले. "अन् भरल्यावर? आमचा बैल जुळला की दात मुका होते. तुमचं काय?" डॉक्टर हसले. "आमचंही तसंच. हाडं जुळली की ती मागचं सांगत नाहीत." दोघं एकमेकांच्या धंद्याबद्दल बराच वेळ बोलत राहिले. माझं लग्न मोडलं होतं हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

तेव्हा आत्या पुढे आली. तोवर ती भिंतीला टेकून होती, आखाजी गेली, रिठद गेलं, हे सगळं गिळत. मला वाटलं आता भांडणार. तिनं आपला हात टेबलावर त्या पुस्तकाशेजारी ठेवला, बोटं फाकवून, माझ्यासारखीच. "डाक्टरसायेब, माया बी पाह्यता का? आताचं वय नको. माया लगन झालं तवाचं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. भेगाळलेला, ताकाचा वास असलेला हात. ते उठून उभे राहिले. "आत्याबाई, ते आता नाही निघत," ते म्हणाले. "तुमची हाडं केव्हाच जुळली." आत्यानं हात मागे घेतला आणि पदराला पुसला. बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. डॉक्टरांनी दाखला लिहून दिला, आणि बाबांनी फार विनवल्यावर फोटोही दिला. परतीच्या गाडीत तो आत्याच्या मांडीवर होता. सबंध रस्ता ती एक अक्षर बोलली नाही. तिचं बोलणं ऐकून मी आयुष्यभर कंटाळले होते, आणि त्या दिवशी ते ऐकायला मिळावं म्हणून मी तिला उगाच भूक लागली, तहान लागली असं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवीची घुमघुम झाली नाही. गंगू वाटी घेऊन अंगणात उभीच. आत्या आतून आली ती हातात एक फडकं घेऊन. फडक्यात चांदीचं कडं होतं, काळं पडलेलं, एकच. तिच्या लग्नातलं. कपाळ पुसलं तेव्हा हातातलं सगळं काढून घेतलं होतं, पण हे त्याआधीच हाताला लहान झालं म्हणून पेटीत पडलेलं, तेवढं वाचलं. तिनं मला हाक मारली, "लांबे, हात दे." कडं माझ्या बोटांवरून सरकलं आणि अंगठ्याच्या हाडाशी अडलं. तिनं तेल लावलं, पुन्हा घातलं. पुन्हा तिथेच. मग तिनं तो फोटो उन्हात धरला आणि कडं त्यातल्या मनगटावर ठेवलं. माझी ती पांढरी हाडं, डॉक्टरांनी पोरीची म्हटलेली, कड्यात मावत नव्हती. दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती.

"दादा, अटी ये," आत्या म्हणाली. बाबा बैलांजवळून आले. मायही दारात आली. "याच्यात माया हात जाये. सांग मले. तुले समजते. केवढी असन मी?"

बाबांनी कडं हातात घेतलं. फिरवून पाहिलं. बैलाचा ओठ उघडताच ज्याच्या तोंडून वय निघायचं, तो माणूस कडं तळहातावर तोलत राहिला. मग त्यांचं लक्ष गंगूकडे गेलं. त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिची वाटी बाजूला ठेवली आणि कडं तिच्या हातात घातलं. ते गेलं. सहज गेलं, आणि मनगटावर नीट बसलं. गंगू खूश होऊन हसली, आणि पडलेल्या दातांची ती खिडकी दिसली. बाबांनी त्या खिडकीकडे पाहिलं, आणि ते तिथेच मातीत बसले, आत्याच्या पायाशी.

"अक्का," ते म्हणाले, "तू तं आदत होती वं."

माझ्या बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आत्या रडली नाही. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, कडेवरच्या पोराला ठेवावा तसा. मग गंगूच्या हातातलं कडं काढायला गेली, तर ती पोर देईना. आत्या म्हणाली, "घालून पाह्यलं न बाई? बस झालं. काढ आता. लवकर काढ." आणि तिला त्या दिवशी दोन वाट्या ताक दिलं.

रिठदला नकार सांगायला कोणाला धाडायचं, असं बाबा म्हणत होते. आत्या म्हणाली, "मी जातो." आणि गेली. लुगडं नवं, पायांत वहाणा, गाडीत पुढे बसून. मुलाच्या वडिलांना तिनं डॉक्टरचा दाखला दाखवला, त्यांच्याकडे जेवली, विहिरीचं पाणी प्याली, आणि तीन घरं फिरून संध्याकाळी परत आली. "पानी खारं हाये रिठदचं," तिनं मायला सांगितलं. "आधी बी खारंच असन."

शाळा उघडली तेव्हा मला वाशीमला पोचवायला आत्याच आली. हेडमास्तरांनी जुन्या शाळेचा दाखला पाहून वय लिहायला घेतलं. आत्यानं पिशवीतून फोटो काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "तेरा लिवा." हेडमास्तर भले गृहस्थ, त्यांनी चष्मा वर करून माझा हात पाहिला, कौतुक केलं, आणि मला दाखल्यावर आहे तेच लिहावं लागतं म्हणाले. "लिवा बाप्पा, तुमच्या कागदावर काई बी लिवा," आत्या म्हणाली. "मले समजलं, बस झालं." अशी माझी ती दोन वर्षं सरकारदरबारी गेली ती गेलीच. पण घरात ती मला पुरेपूर मिळाली, आणि पुढची कितीतरी त्यांच्या मागोमाग आली.

घंटा झाली. मी वर्गात शिरले आणि खिडकीजवळची जागा धरली. बाहेर फाटकाशी आत्या अजून उभी होती. तिला वाटलं असावं, आता कोणी पाहत नाही. तिनं इकडेतिकडे नजर टाकली, पदर सावरला, आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला. मान तिनं अजिबात वाकवली नव्हती.